सही घेऊन द्यायचं पाकीट

कॅटलेट स्प्रिंग, अलाबामा
२७ जानेवारी

रोमेल बाळा,

फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस. बत्तीस वर्षं मी या गावात टपाल वाटतेय. पत्राला "मी बाहेर आहे, नंतर बोलू" असं सांगता येत नाही, ते बापडं पेटीत पडून वाट बघतं. म्हणून हे पत्र.

काय रे मोठ्या माणसा? टीव्हीवर नव्या कॉलेजची टोपी घालून बसला होतास. खाली आकडा आला आणि माझ्या हातातला डाव रश्श्यात पडला. नऊ लाख डॉलर! एका वर्षाचे! आमच्या वेळी कॉलेजच्या खेळाडूला कुणी फुकट सँडविच दिलं तरी चौकशी बसायची. तुझी आई असती तर रविवारी चर्चमध्ये तिने इतकं मोठ्याने गायलं असतं की पास्टरला प्रवचन आवरतं घ्यावं लागलं असतं. ती गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा. हॉलिसचा स्वेटर घालून माझ्या मागच्या दाराशी उभा होतास आणि "भूक नाही" म्हणत चार ताटं जेवलास. मला सगळं आठवतं.

माझा हॉलिस घरीच आहे. घाबरू नकोस, तो चिडलेला नाही. पण त्याचं काही जमलं नाही रे. तुम्ही दोघांनी एकाच दिवशी ते कॉलेज बदलायचं पोर्टल का काय त्यात नावं घातलीत. तुझं पाच दिवसांत झालं. याला आधी पाच कॉलेजांचे फोन आले, आणि मग एका आठवड्यात पाचांनीही पाठ फिरवली. बिचारा जुन्या कोचकडे परत गेला. ते म्हणाले, नियम तुला माहीत होता, नाव बाहेर घातलंस तिथे आमची बांधिलकी संपली. त्याच्या जागी दुसरीकडून आणलेला मुलगा बसलाय. फीमाफी बंद, खोली खाली कर. पदवीला दोनच सत्रं राहिली होती. आमच्या घरातली पहिली पदवी, तुला ठाऊक आहे.

तूच म्हणाला होतास ना माझ्या स्वयंपाकघरात, "मिस व्हर्लीन, जाऊ तर दोघं, नाहीतर कुणीच नाही"? चौथीपासून फुटबॉलच्या मैदानावर तू फेकलेला एकेक चेंडू आधी हॉलिसच्या हातातून, त्याच्या दोन पायांमधून मागे तुझ्याकडे आलाय. तू प्रयत्न केलाच असणार. पण तिथल्या लोकांना एकदा परत विचारून बघ. एवढंच मागते.

तुझी,
व्हर्लीन क्रेनशॉ

ता.क. आंघोळ झाली की कानामागे पुसत जा. तिकडे थंडी फार असते म्हणतात.


११ फेब्रुवारी

प्रिय मिस व्हर्लीन,

तुमचं पत्र मिळालं. फोन उचलला नाही त्याबद्दल माफ करा. इथे पहाटेपासून व्यायाम, मग वर्ग, मग सामन्यांच्या चित्रफिती बघणं, वेळच मिळत नाही.

हॉलिसबद्दल विचारलं. ते म्हणतात यंदाच्या जागा भरल्या. मला फार वाईट वाटतंय.

सोबत वीस हजारांचा चेक आहे. त्याची राहिलेली दोन सत्रं त्यात होतील. परत करायचे नाहीत. कृपा करून नाही म्हणू नका.

इथे जेवायला तीन वेळा मांस असतं, हवं तेवढं. तुमच्या मक्याच्या पावाची आठवण येते.

कान पुसतो.

रोमेल


४ मार्च

रोमेल बाळा,

चेक बघून मी टपालाच्या गाडीत बसून रडले. पाच मिनिटं. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, त्याला म्हटलं वाजव मेल्या, माझ्या पोराने पाठवलंय. पण तो चेक मी वटवलेला नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, कुपनांच्या गठ्ठ्याखाली ठेवलाय. हॉलिस हात लावत नाही. म्हणतो, "रोमेल त्या पैशासाठी हाडं मोडून घेतोय, ते मी कसे घेऊ?" तो आता लाकडाच्या वखारीत लागलाय. संध्याकाळी येतो तेव्हा भुवयांत भुसा असतो.

आता दुसरी गोष्ट. सांगू की नको असं चाललं होतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. त्या पाच कोचांपैकी एकाला माणुसकी होती. त्याने हॉलिसला सरळ सांगितलं, "पोरा, तुझा डावा खांदा निखळतो असं आमच्या कानावर आलंय." आणि मी, जन्म देणारी, मला हे तेव्हा कळलं! मग त्याच्याकडून काढून घेतलं. ऑक्टोबरात बाहेरगावच्या सामन्यात खांदा निखळला, बसच्या चाकाला टेकून तो परत बसवला, आणि पर्विसने गुपचूप पट्ट्या बांधल्या. पुढचे सहा सामने हा तसाच खेळला. कशाला, तर तो बाजूला झाला असता तर समोरचे येऊन तुझ्या छातीवर पडले असते.

म्हणजे हे माहीत कुणाला? हॉलिसला, पट्ट्या बांधणाऱ्या पर्विसला आणि तुला. तू घरचा, तुला मी मोजतच नाही. उरला कोण? चाळीस वर्षं त्या कॉलेजच्या पोरांचे घोटे बांधतोय हा म्हातारा, आणि माझ्याच चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय! तुम्ही सोडून चाललात म्हणून चिडलेल्या जुन्या कोचला खूश करायला बोलला असणार.

मी अजून काही बोलले नाहीये. पण माझ्या जिभेचा काय भरवसा?

तुझी,
व्हर्लीन


१९ ऑगस्ट

प्रिय मिस व्हर्लीन,

पाच महिने पत्र लिहिलं नाही. तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. रागावला असाल तर बरोबरच आहे.

मिस्टर पर्विस यांनीच केलं असेल असं नाही. अशा गोष्टी कुठूनही फुटतात. तुम्ही ते मनातून काढून टाका, असं मला वाटतं.

एक मागणं आहे. मागण्याचा मला हक्क नाही, तरी मागतो. एकवीस नोव्हेंबरला आमचा इथल्या मैदानावरचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाची मुलं त्या दिवशी आईला घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात आणि तिला फुलं देतात. नाव पुकारतात. त्यासाठी एक कार्ड भरून द्यायचं असतं, सोबत कोण चालणार ते. माझं कार्ड कोरं आहे. तुम्ही याल का?

रोमेल


६ सप्टेंबर

अरे गधड्या,

हे काय विचारणं झालं? याल का म्हणे! तू बारा वर्षांचा असताना गोवर झाला तेव्हा "याल का" म्हणून विचारलं होतंस? तुझ्या त्या कॉलेजचा रंग म्हणे गडद हिरवा. मला हिरवा शोभत नाही, त्यात मी पालेभाजीच्या जुडीसारखी दिसते, पण घेतला. पोशाखही आणि टोपीही. टोपी एवढी मोठी आहे की मागच्या बायका शिव्या घालतील. घालू देत. सुट्टीचा अर्जही दिलाय. हॉलिसला म्हटलं तू चल, तो म्हणाला, "बघू." त्याच्या "बघू"चा अर्थ तुला कळतो.

पर्विसचं म्हणशील तर तुला उशीर झाला. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी चर्चचं वार्षिक जेवण होतं. सगळं गाव, बाहेर गेलेलेही आलेले. माझ्यापुढे तो रांगेत, ताटात माझाच तळलेला मासा, आणि मला विचारतो, "हॉलिसचा खांदा कसा आहे आता?" माझं डोकंच फिरलं बघ. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. म्हटलं, "विकून खाल्लास ना तो खांदा? आता कसा आहे म्हणून विचारतोस? किती मिळाले रे?" शंभर माणसं ऐकत होती. पोरंसुद्धा खायची थांबली.

 त्याने ताट टेबलावर ठेवलं, टोपी उचलली आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर चर्चला आलेला नाही. गावातलं कुणी त्याच्याशी धड बोलत नाही. कॉलेजमधलं कामही सोडलं म्हणतात. त्याची पेटी माझ्याच रस्त्यावर आहे. मी टपाल टाकते आणि पुढे जाते, दाराकडे बघत नाही. बरं वाटायला हवं होतं, खरं सांगू का, वाटत नाही. पण खोटं तर बोलले नाही ना मी?

कार्डावर माझं नाव नीट लिही. क्रेनशॉ. मागच्या वेळी त्या वर्तमानपत्राने क्रॅमर छापलं होतं.

तुझी,
व्हर्लीन


१७ सप्टेंबर

मिस व्हर्लीन,

मिस्टर पर्विस यांनी काही केलं नाही. मी केलं.

हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण खाली ढकललं तर पुन्हा फाडीन.

नऊ जानेवारीला इथल्या मॅनेजरच्या खोलीत बसलो होतो. हल्ली खेळाडू आणायचे आणि त्यांचे पैसे ठरवायचे हे कोच बघत नाही, हा माणूस बघतो. माझा एजंट फोनवर होता. मॅनेजर म्हणाला, "तुम्हा दोघांचे मिळून नऊ लाख आहेत माझ्याकडे. सात तुझे, दोन हॉलिसचे. मुलगा तब्येतीने कसा आहे?"

एवढंच विचारलं. मी "ठणठणीत आहे" म्हणू शकलो असतो. "त्यालाच विचारा" म्हणू शकलो असतो. मला कुणी दरडावलं नव्हतं, दारही उघडं होतं. मी म्हणालो, "डावा खांदा निखळतो त्याचा. ऑक्टोबरपासून." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मग ते दोनही तुझ्यातच टाकतो." आणि मी म्हणालो, "थँक्यू, सर."

थँक्यू म्हणालो, मिस व्हर्लीन. रोज तेच आठवतं.

त्या आधी एजंटने मला सांगून ठेवलं होतं की हॉलिस नसेल तर त्याचे पैसे तुझ्याकडे वळतील. म्हणजे माझ्या तोंडून निसटलं असं मी म्हणू शकत नाही. मी मोजून बोललो. पुढे मॅनेजरने ते चार ठिकाणी सांगितलं असणार, ही माणसं एकमेकांशी सतत बोलतात. हॉलिसला कुणीच घेणार नाही, हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं. वाटलं होतं, त्याला दुसरीकडे कुठेतरी मिळेल. तरी ते काय सांगतोय मी!

तुमचं ते वाक्य, "तू घरचा, तुला मी मोजतच नाही", ते वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी "अशा गोष्टी कुठूनही फुटतात" असं लिहिलं. मिस्टर पर्विस माझ्यामुळे शंभर माणसांसमोर ताट ठेवून उठले. तुमच्या हातचं खाऊन मी तुमच्याच घरचे वासे मोजले.

तो वीस हजारांचा चेक फीचा नव्हता. तो माझं तोंड बंद ठेवायला मी मलाच दिला होता.

हे हॉलिसला तुम्ही सांगा किंवा सांगू नका. मी त्याला दोनदा फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत बंद केला.

रोमेल


९ नोव्हेंबर

मिस व्हर्लीन,

सात आठवडे झाले. तुमचं पत्र नाही. ते मला समजतं.

मिस्टर पर्विस यांना मी सगळं लिहून पाठवलंय. मध्येच गहाळ होऊ नये म्हणून सही घेऊन द्यायचं पाकीट केलंय. हॉलिसलाही फोन केला. या वेळी बंद केला नाही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझी शिफ्ट आहे," आणि ठेवला.

कार्ड मी ऑगस्टमध्येच देऊन टाकलं होतं, तुमच्या होकाराच्या आधी. बदलायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा असं ऑफिसातली बाई म्हणाली. मी बदललेलं नाही. तुम्ही यावं म्हणून नाही. दुसरं कुणाचं नाव माझ्याकडे नाही, म्हणून.

यंदा आम्ही सात सामने हरलो. हॉलिसच्या जागेवर खेळणारा नवा मुलगा चेंडू खाली देतो, मला वाकून उचलावा लागतो. त्याचा दोष नाही.

रोमेल


२४ नोव्हेंबर

रोमेल,

सही घेऊन द्यायचं पाकीट केलंस! गाढवा, या गावात टपाल कोण वाटतं ते विसरलास का?

साधं पत्र असतं तर मी ते रस्त्यावरच्या पेटीत टाकून गाडी पुढे काढली असती. तीन महिने तेच करत होते. तुझं सप्टेंबरचं पत्र आल्यावरही तेच केलं, ते तुला सांगते, म्हणजे लाज एकट्या तुझीच नाही हे तुला कळेल. खरं काय ते मला माहीत होतं, आणि तरी मी सात आठवडे त्या म्हाताऱ्याच्या पेटीत विजेची बिलं टाकून पळत होते. त्या दिवशी गठ्ठा लावताना पाकीट हातात आलं. वर तुझं अक्षर, बाजूला हिरवं लेबल. सहीवाचून देता येत नाही. आजारी आहे म्हणून घरी जावं असंही एकदा वाटलं.

दार वाजवलं. त्याने उघडलं. दाढी वाढलेली. मी म्हटलं, "सही लागेल." तो चष्मा शोधायला आत गेला, आला, सही केली. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "पर्विस, शंभर माणसांत बोलले, तेव्हा माफीही शंभर माणसांत मागीन. पण आधी इथे मागते."

पाकीट न फोडताच तो म्हणाला, "पोराने लिहिलंय वाटतं." मी विचारलं, तुला कसं माहीत? तर म्हणतो, "व्हर्लीन, हिशेब सोपा आहे. तीन माणसं होती. मी बोललो नव्हतो, हॉलिस स्वतःचं स्वतः सांगणार नाही. त्या जेवणाच्या रांगेतच कळलं मला." मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास, मला खोटी का नाही पाडलीस? तो म्हणाला, "त्या पोराला आई एकच उरलीय. ती मी कशाला तोडू?"

वाचलंस? परत वाच. मी त्या पायरीवर बसले, गणवेशात, टपालाची गाडी तशीच सुरू.  गेल्या रविवारी चर्चमध्ये उठून सगळ्यांसमोर बोलले. तुझं नाव घेतलं नाही. माझं घेतलं.

हॉलिसला मी तुझं पत्र वाचायला दिलं होतं तेव्हाच, सप्टेंबरात.  तीन दिवसांनी एवढंच म्हणाला, "त्याला विचारलं तर त्याने खोटं सांगायचं होतं का?" मी म्हटलं, खोटं नको होतं, गप्प बसता आलं असतं. तो म्हणाला, "नाही आई. गप्प नको होतं. मला आधी फोन करायला हवा होता. मीच म्हणालो असतो, सांग, जा." तुझ्या वाट्याचं हे वाक्य आहे, म्हणून लिहिलं. सध्या तो संध्याकाळी पर्विसकडे पट्ट्या बांधायला शिकतो. पुढचं माहीत नाही.

चेक सोबत परत पाठवतेय. ड्रॉवरला मीठ-मिरीचा वास असतो, त्याला लागला असेल.

आता शनिवारचं. मी येणार नव्हतेच. तू मनात आशा ठेवली असशील तर ती खोटी होती, ते स्पष्ट सांगते. हिरवा पोशाख पिशवीतच आहे. पण हॉलिसने पर्विसच्या घरी संगणकावर लावलं. नावं पुकारत होते, पोरं आयांना घेऊन येत होती. मग तुझं आलं. तो माणूस म्हणाला, "रोमेल टिसडेल, सोबत त्याची आई, मिस व्हर्लीन क्रेनशॉ." नाव नीट घेतलं त्याने. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, त्यांना इतक्या लांबून काय दिसतंय? आणि तू एकटा चाललास, एका हातात फुलं, दुसरा हात कोपरात वाकवून बाहेर धरलेला, कुणीतरी धरलाय अशासारखा. मध्यापर्यंत. तिथेही तो हात तू खाली घेतला नाहीस.

पर्विस म्हणाला, "हात बघ त्याचा." मी उठले आणि भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

नाताळला ये. आधी पर्विसच्या दाराशी जा, पुढच्या. मग वखारीत हॉलिसला गाठ, आणि तो जे म्हणेल ते ऐकून घे. मग माझ्याकडे, मागच्या दाराने. ताट वाढीन. तुझ्यासमोर बसेन की नाही ते आत्ता मला सांगता येत नाही.

व्हर्लीन क्रेनशॉ

ता.क. फुलं कुणाला दिलीस?